अर्ध्या तिकिटाचा धडा

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की गोव्यातील महाविद्यालयांची दारे उघडतात. पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या वाड्यावाड्यांतून बारावीचा उंबरठा ओलांडलेली मुले-मुली नव्या वह्या घेऊन बसथांब्यावर उभी राहतात, आणि त्यांच्याबरोबर वडीलधाऱ्यांच्या दोन तक्रारीही दरसाल नव्याने उगवतात. पहिली तक्रार अशी की, आजचा विद्यार्थी पार्ट्यांत, निरनिराळ्या 'डेज'मध्ये आणि ध्वनिवर्धकाच्या दणदणाटात बुडाला आहे. दुसरी अशी की, तो राजकारणात ओढला जात आहे. गंमत म्हणजे या दोन्ही तक्रारी बहुधा एकाच मुखातून बाहेर पडतात. नाचला तर उनाड, मोर्चात गेला तर बिघडला! मग त्याने करावे तरी काय? पुस्तकात मान खुपसून तीन-चार वर्षे काढावीत आणि पदवीचा कागद घेऊन नोकरीच्या रांगेत उभे राहावे, एवढीच आपली महाविद्यालयीन जीवनाची कल्पना असेल, तर त्यासाठी महाविद्यालयांच्या प्रशस्त इमारती कशाला हव्यात? टपालाने धाडलेल्या नोट्सही पुरेशा ठरतील.

आमच्या मते दोष नाचण्यात नाही आणि मोर्चातही नाही. विसाव्या वर्षी माणूस नाचणार नाही तर केव्हा नाचणार? आणि विसाव्या वर्षी ज्याला अन्यायाची चीड येत नाही, त्याला ती चाळिसाव्या वर्षी येण्याची शक्यता फारच कमी. विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. त्या नाचाचा आणि त्या मोर्चाचा धनी कोण? तो कुणी ठरविला, त्याचे पैसे कुणी भरले आणि त्याचा हिशेब कुणी कुणाला दिला? या प्रश्नाचे उत्तर 'विद्यार्थ्यांनी' असे येत असेल, तर पालकांनी निर्धास्त असावे. ते तसे येत नसेल, तर मात्र नाच आणि मोर्चा दोहोंचीही काळजी वाटली पाहिजे. आज ते तसे येत नाही, ही खरी चिंतेची बाब आहे.

गोमंतकात महाविद्यालयीन जीवन ही गोष्टच मुळी मुक्तीनंतरची. पोर्तुगीज अमदानीत पणजीला लिसेव होते, १८४२ पासून चालत आलेली वैद्यकीय शाळा होती. परंतु कला वा विज्ञान शाखेची पदवी घ्यायची, तर गोमंतकीय तरुणाला बेळगाव, धारवाड, पुणे नाही तर मुंबई गाठावी लागे. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि लगेच १९६२ मध्ये पणजीत धेंपे व मडगावात चौगुले महाविद्यालय सुरू झाले. गोवा विद्यापीठ अस्तित्वात यायला १९८५ साल उजाडले. तोवर आमची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. म्हणजे ज्या संस्थेविषयी आपण बोलत आहो, तिचे वय सहा-सात दशकांचे आहे. आपल्याकडील कित्येक देवळांच्या जत्रा तिच्याहून शतकांनी जुन्या आहेत.

तरीही या भूमीच्या इतिहासात विद्यार्थिदशेतील मैत्रीने केवढे काम केले, हे सांगायला १८ जून १९४६ हा एक दिवस पुरे. त्या दिवशी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सालाझारशाहीची सभाबंदी मोडली आणि मुक्तिलढ्याला नवे वळण मिळाले. परंतु लोहिया गोव्यात आलेच कसे? असोळण्याच्या डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्याकडे ते पाहुणे म्हणून आले होते आणि या दोघांची मैत्री जुळली होती ती बर्लिनमध्ये, दोघेही तेथे शिकत असताना. परक्या देशातील त्या दोन हिंदी विद्यार्थ्यांच्या गप्पांचा कुणी त्या वेळी हिशेब मांडला असता, तर 'वेळेचा अपव्यय' याच सदराखाली तो मांडला असता. कोणत्या गप्पांतून काय निपजेल हे सांगता येत नाही. म्हणून महाविद्यालयाच्या कँटीनमध्ये तासन् तास बसणाऱ्या मुलांकडे पाहून नाक मुरडण्यापूर्वी आपण जरा सबुरीने घ्यावे.

मुक्तीनंतरच्या गोव्याला विद्यार्थ्यांनी शिकविलेला सर्वांत मोठा धडा अर्ध्या तिकिटाचा. १९७८-७९ चे ते आंदोलन आजच्या विद्यार्थ्यांना बहुधा ऐकूनही ठाऊक नसेल. म्हणून त्याची पार्श्वभूमी थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. १९६३ च्या अखेरीस भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि खेडोपाडी प्राथमिक शाळा निघाल्या. ज्यांच्या घराण्यात अक्षरओळख नव्हती अशा कुटुंबांतील मुले त्या शाळांतून पहिलीत बसली. हिशेब साधा आहे. ही मुले सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर महाविद्यालयांच्या दारात येऊन पोचली. पण महाविद्यालये होती पणजी, मडगाव, म्हापसा अशा शहरांत, आणि मुले होती सत्तरीत, सांग्यात, पेडण्यात, काणकोणात. मधले अंतर तोडायचे ते खासगी बसगाड्यांनी. कदंब महामंडळाची स्थापना झाली १९८० मध्ये. तोवर सरकारी बस नावाची गोष्टच गोव्यात नव्हती. मोलमजुरी करणाऱ्या, कुळागर शिंपणाऱ्या, मासळी विकणाऱ्या घरातील मुलाला महाविद्यालयाची फी एकवेळ भरता येई. पण जाण्यायेण्याचे रोजचे भाडे घराचे कंबरडे मोडून टाकी. गावात शाळा देऊन राज्याने या मुलांना शिक्षणाच्या वाटेवर आणले होते आणि बसभाड्याने ती वाट अर्ध्यावर अडविली होती.

तेव्हा विद्यार्थ्यांनी मागितले काय? बसभाड्यात पन्नास टक्के सवलत. मागणीत विचारप्रणालीचे अवडंबर नव्हते. जो रोज बसने प्रवास करतो त्याला ती क्षणात कळे, आणि जो तिकीट फाडतो त्यालाही कळे. महाविद्यालये बंद पडली, रस्त्यांवर मोर्चे निघाले, विद्यार्थ्यांना पोलिसांच्या लाठ्या खाव्या लागल्या. अखेर शासनाला सवलत मान्य करावी लागली. त्याच वर्षी, १९७९ च्या एप्रिलमध्ये, श्रीमती शशिकला काकोडकर यांचे सरकार कोसळले. ते कोसळले सत्ताधारी पक्षातील फुटीने, याविषयी दुमत नसावे. तथापि तरुण पिढीची सहानुभूती त्या सरकारने आंदोलनाच्या काळातच गमावली होती, हेही तितकेच खरे.

येथे एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो. त्या काळी मतदानाचे वय २१ होते. ते १८ वर आणणारी घटनादुरुस्ती अमलात आली १९८९ साली. म्हणजे अर्ध्या तिकिटासाठी रस्त्यावर उतरलेल्या मुलांपैकी बहुसंख्यांना मताचा अधिकारच नव्हता! ज्यांच्या हाती मत नव्हते त्यांनी सरकारला वाकविले; आणि आज ज्यांच्या हाती मत आहे, त्यांना मंडपात नाचवून, टी-शर्ट वाटून, फुकटची जेवणे घालून वळविता येते असे राजकारण्यांना वाटते. हा फरक काळाचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

अर्ध्या तिकिटाला शोभणारे दुसरे उदाहरण गुजरातचे. १९७३ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयात खानावळीचे बिल वाढले म्हणून मुले चिडली. ताटातल्या अन्नाच्या किमतीपासून सुरू झालेले ते प्रकरण महागाई आणि भ्रष्टाचार यांच्यापर्यंत जाऊन भिडले, वडोदऱ्यासह राज्यभर पसरले आणि ९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला. हे झाले नवनिर्माण आंदोलन. त्याचे यश जितके झगझगीत, तितकाच त्याचा उत्तरार्ध अंतर्मुख करणारा आहे. आंदोलनाने हिंसक वळण घेतले आणि त्यात माणसे मेली. विधानसभा बरखास्त झाली, मुले वर्गात परतली, आणि १९९० साली तेच चिमणभाई पुन्हा मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीवर विराजमान झाले! आंदोलनाने एक माणूस हटविता येतो. त्याच्या जागी काय आणायचे हे ठरविणारी संघटना उरली नाही, तर तोच माणूस मागल्या दाराने परत येतो. अर्ध्या तिकिटाची मागणी त्या मानाने किती लहान! पण ती पदरात पडली आणि टिकली. पुढे कितीतरी मुलींचे शिक्षण केवळ त्या सवलतीमुळे चालू राहू शकले. साखळी, केपे, पेडणे येथे शासकीय महाविद्यालये निघाली ती नंतर.

आता मोर्चाकडून स्नेहसंमेलनाकडे वळू. वाचक म्हणतील, गंभीर विषय सोडून हे काय? परंतु स्वतःचा कारभार स्वतः करण्याची पहिली शाळा म्हणजे स्नेहसंमेलनच. आमच्या गावच्या जत्रेतले नाटक आठवावे. नाटक निवडायचे गावकऱ्यांनी, वर्गणी काढायची गावकऱ्यांनी, दिवसभर बागायतीत राबून रात्री तालमीला बसायचे गावकऱ्यांनी, आणि उत्सव आटोपला की जमाखर्चाचा जाबही गावकऱ्यांनीच गावकऱ्यांना विचारायचा. त्या जमाखर्चावरून भांडणे होत, कधी वर्ष-वर्ष अबोला धरला जाई. परंतु पैसा कुणाचा आणि जाब कुणाला द्यायचा, याविषयी संदेह नसे. महाविद्यालयांतील जुनी संमेलने याच परंपरेची धाकटी भावंडे होती. एकांकिका बसविणारा, पडदा ओढणारा, दिव्यांची वायर जोडणारा आणि प्रेक्षकांतून हुर्यो करणारा, सगळे एकाच वर्गातले. जो मुलगा तीस जणांना वेळेवर तालमीला आणतो, रुसलेल्या नटाची समजूत घालतो आणि शिल्लक राहिलेल्या रकमेचा हिशेब प्राचार्यांच्या मेजावर ठेवतो, त्याला लोकशाहीवर वेगळे व्याख्यान देण्याची गरज उरत नाही.

आज काय दिसते? कार्यक्रम करायचा म्हटले की प्रथम प्रायोजक शोधला जातो. प्रायोजक आला की त्याचा फलक येतो, फलकामागोमाग त्याची अट येते. ध्वनियंत्रणा भाड्याची, निवेदक भाड्याचा, नाच बसविणारा भाड्याचा. विद्यार्थ्याकडे काम उरते ते प्रवेशिका दाखवून आत जाण्याचे आणि मोबाइलवर चित्रफीत घेण्याचे. आपल्याच संमेलनात तो गिऱ्हाईक झाला आहे. जेथे प्रायोजक व्यापारी नसतो, तेथे तो बहुधा आमदारकीचा इच्छुक असतो, आणि असा माणूस दिलेल्या पैशाची पावती मतपेटीतून वसूल केल्याशिवाय राहत नाही.

महाविद्यालयाच्या भिंतीबाहेरच्या पार्ट्यांविषयी तर बोलावे तेवढे थोडे. नवागतांचे स्वागत आणि अंतिम वर्षाचा निरोप हे दोन्ही सोहळे आवारातून निघून भाड्याच्या सभागृहांत आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांत गेले आहेत. गोव्याच्या अबकारी कायद्याप्रमाणे २१ वर्षांखालील व्यक्तीला दारू विकता येत नाही. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. हे दोन्ही नियम मोडून गल्ला भरणारा मालक वयाने चाळिशी-पन्नाशीचा असतो, हे विसरून आपण सगळा दोष मात्र एकोणीस वर्षांच्या पोराच्या माथी मारतो. ज्या प्राचार्यांनी कटकट नको म्हणून आवारातले सोहळे बंद केले, त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना नकळत याच मालकाच्या दारात नेऊन सोडले आहे. आवारातल्या सोहळ्याला निदान शिक्षकांची नजर आणि वर्गमित्रांची लाज तरी होती.

विद्यार्थ्यांच्या राजकारणाची कथा याहून निराळी नाही. पक्षांच्या विद्यार्थी शाखा असाव्यात की नसाव्यात, या वादात आम्ही शिरत नाही. मत देण्याचा अधिकार असलेल्या नागरिकाला विचार निवडण्याचा अधिकार असणारच. पण शाखा विद्यार्थ्यांची बाजू पक्षाकडे मांडते, की पक्षाची बाजू विद्यार्थ्यांकडे, हा कळीचा प्रश्न आहे. सत्तेवर आपला पक्ष असला की शुल्कवाढीवर मौन, आणि विरोधात असला की त्याच शुल्कवाढीवर घेराव, हे चित्र देशभर दिसते. विद्यापीठाच्या विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकीच्या तोंडावर मतदार-प्रतिनिधींना पळवून नेल्याच्या, सहलीच्या नावाखाली दडवून ठेवल्याच्या तक्रारी आपल्या गोव्यातही झालेल्या आहेत. आमदारांना हॉटेलात कोंडून ठेवण्याची विद्या आमच्या राजकारण्यांनी हस्तगत केली आहेच. ती विसाव्या वर्षीच शिकविण्याची एवढी घाई कशासाठी?

यावर निवडणुकाच बंद करा, हा उपाय काहींना सुचतो. शेजारच्या महाराष्ट्राने तो करून पाहिला. कॅम्पसमधील हाणामाऱ्यांना कंटाळून १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्यक्ष निवडणुका थांबविल्या आणि गुणांच्या आधारे वर्गप्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. त्याने राजकारणातील पैसा थांबला, की दांडगाई थांबली? २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली. पण २०१९ मध्ये जाहीर झालेल्या निवडणुका पुढे ढकलण्यात आल्या. एकदा मोडलेली सवय पुन्हा लावणे किती अवघड असते, हे यावरून दिसते. देशपातळीवर माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केल्या. उमेदवाराला ५,००० रुपयांची खर्चमर्यादा, छापील भित्तिपत्रकांना बंदी, ७५ टक्के हजेरी, पदवीच्या विद्यार्थ्याला १७ ते २२ वयाची अट असे नियम त्यांत आहेत. त्यामागचा हेतू निर्मळ आहे. परंतु नियम पाळला जातो की नाही हे पाहणारा डोळा विद्यार्थ्यांचा स्वतःचा नसेल, तर ५,००० ची मर्यादा कागदावरच राहते आणि वरचा खर्च 'हितचिंतक' करतात.

सगळेच अंधारलेले आहे असे मात्र नाही. २०२० साली टाळेबंदीने महाविद्यालये ओस पडली असताना मोलेच्या अभयारण्यातून जाणारा दुपदरी लोहमार्ग, वीजवाहिनी आणि महामार्गाचे रुंदीकरण या तीन प्रकल्पांविरुद्ध गोव्यात आवाज उठला. त्यात विद्यार्थी आणि नुकतेच शिक्षण संपविलेले तरुण पुढे होते. कुणी प्रकल्पांचे जाडजूड अहवाल वाचून त्यांतील उणिवा दाखविल्या, कुणी रानातल्या जीवसृष्टीची चित्रे काढली, कुणी कायद्याची कलमे धुंडाळली, कुणी सरकारला पत्रे लिहिली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात चांदरला हजारो लोकांनी रेल्वेरुळांवर रात्र जागविली, त्यांत तरुणांची संख्या लक्षणीय होती. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोहमार्गाच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. या प्रकल्पांच्या इष्टानिष्टतेविषयी मतभेद असू शकतात. पण वर्गात शिकलेली वनस्पतिशास्त्राची, चित्रकलेची, कायद्याची विद्या घेऊन तरुण रस्त्यावर आला, कुणा पुढाऱ्याने पाठविलेल्या बसमध्ये बसून आला नाही, हे महत्त्वाचे. अर्ध्या तिकिटाच्या पिढीने आपली गरज घेऊन रस्ता गाठला. या पिढीने आपला अभ्यास घेऊन गाठला. दोन्ही वेळा चळवळीचे धनीपण तिच्यापाशीच राहिले.

पालकांची भीती आम्ही जाणतो. मुलावर एखादा गुन्हा नोंदला गेला, तर नोकरीच्या वेळी पोलिसांचा दाखला आड येईल, वर्ष फुकट जाईल, डोके फुटेल. ही भीती निराधार नाही, आणि पोटाला चिमटा काढून मुलाला शिकविणाऱ्या बापाला तिच्यावरून हसण्याचा हक्क कुणालाही नाही. म्हणूनच आम्ही म्हणतो की, रस्त्यावर येण्याची वेळ शक्यतो येऊच नये. ज्या महाविद्यालयात निवडून आलेले मंडळ दर महिन्याला प्राचार्यांसमोर बसते, बसच्या वेळा, वसतिगृहातील पाणी, कँटीनमधील दर, मुलींच्या खोलीची दुरवस्था हे विषय मांडते आणि त्यांची लेखी उत्तरे मिळवते, तेथे दगड उचलण्याची पाळी सहसा येत नाही. दाद मागण्याचा सरळ मार्ग बंद केला, की वाकडा मार्ग आपोआप उघडतो.

तेव्हा आमच्या सूचना साध्या आहेत. महाविद्यालयांनी विद्यार्थी मंडळाच्या निवडणुका सत्राच्या आरंभीच, ठरलेल्या तारखेला घ्याव्यात. हिवाळ्यापर्यंत लांबवू नयेत. विद्यार्थ्यांकडून संमेलनासाठी जो निधी घेतला जातो, तो मंडळाच्या हाती सोपवावा आणि त्यातील पै-पैचा हिशेब सूचनाफलकावर लावण्याची सक्ती करावी. चुकले तर चुकू द्यावे. शंभर रुपयांच्या हिशेबात चुकून जो शिकतो, तो पुढे कोटींच्या हिशेबात लबाडी करायला धजत नाही. आमदार, मंत्री वा त्यांचे इच्छुक वारसदार यांचे पैसे आवारातल्या कोणत्याही सोहळ्याला घेऊ नयेत. त्यांना जरूर बोलवावे, पण व्यासपीठावर हारतुऱ्यांसाठी नव्हे, प्रश्नोत्तरांसाठी बोलवावे. शासनाने अल्पवयीनांना दारू विकणाऱ्या हॉटेलांवर कारवाई करावी, आणि ती मुलांना नव्हे, मालकांना झोंबेल अशी करावी. शिक्षकांनी मंडळाचे सल्लागार व्हावे, मालक होऊ नये.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांलाही दोन शब्द. तुम्ही आज महाविद्यालयाला जाताना बसच्या तिकिटात वा पासात जी सवलत घेता, ती कुणा दयाळू मंत्र्याने दिलेली नाही. तुमच्याच वयाच्या, बहुधा तुमच्याच तालुक्यातल्या, मताचाही अधिकार नसलेल्या मुलामुलींनी ती लाठ्या खाऊन मिळविली आहे. तुम्ही जरूर नाचा, गा, संमेलने गाजवा. पण वर्गणी तुमची असू द्या आणि हिशेबही तुमचाच असू द्या. मोर्चा काढायचा तर जरूर काढा; पण मागणी स्वतःच्या अक्षरात लिहून काढा, आणि ती लिहिण्यापूर्वी विषय नीट वाचा. कुणी फुकट बस पाठविली, फुकट जेवण दिले, फुकट झेंडा हाती ठेवला, तर त्याची किंमत कोण आणि केव्हा वसूल करणार आहे, एवढा एकच प्रश्न विचारा. अर्धे तिकीट मागणाऱ्या त्या मुलांनी उरलेले अर्धे स्वतःच्या खिशातून भरले होते.